टोपली तेवढी परत द्या

एका जंगलात, मुलांनो, कंटकराव नावाचे साळिंदर राहत होते. जंगल म्हटले की वाघ आलाच, पण आज त्याचे आपल्याकडे काही काम नाही. आपले काम कंटकरावांच्या बिळात आहे.

ते बीळ जुन्या कॉम्प्युटरांनी गच्च भरले होते. पोट सुटलेले मॉनिटर, कुरकुरणारे प्रिंटर, फ्लॉपींची खोकी. त्यातले काहीही कुणाला लागत नव्हते. पण सगळे चालू होते! कंटकराव रोज एकेकाला बटण दाबून उठवत, ख्यालीखुशाली विचारत आणि पुन्हा निजवत.

एके दिवशी त्यांच्या पत्नी सगुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, माझे दिवस भरत आलेत. पिल्लं कुठे निजवू? प्रिंटरवर?"

"अगं, पण सगळं चालू आहे!"

"चालू आहे ना? मग चालत बाहेर जाऊ दे. नाहीतर मी तरसाला बोलावते. तो भंगार नेतो."

भंगार हा शब्द ऐकताच कंटकरावांचे काटे उभे राहिले. धडधाकट माल तरसाच्या हाती? त्यापेक्षा चार दर्दी लोकांना फुकट दिलेला बरा! लगेच वडाच्या खोडावर पाटी लागली: 'घरात लाडाने वापरलेला, चालू स्थितीतला माल मोफत मिळेल. फक्त जाणकारांनी यावे.'

जंगलात जाणकारांना काय तोटा! पहिले आले नकुलराव मुंगूस. कंटकरावांनी त्यांना पाटावर बसवले आणि मुलीच्या बापासारखी चौकशी केली.

"घर दमट नाही ना? मुंग्यांचा त्रास? मंडळी मायेची आहेत का?"

"पोटच्या पोरासारखा सांभाळीन," नकुलराव म्हणाले.

"उठायला जरा वेळ लावतो हो. पण मनाने चांगला आहे." मॉनिटर टोपलीत ठेवताना कंटकरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग ससा आला, घोरपड आली. टोपल्या भरभरून माल गेला. बिळाचा एक कोपरा रिकामा झाला. सगुणाबाईंनी तो सारवून घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना घरातली जमीन दिसत होती. त्या इतक्या खूश झाल्या की तिथेच घटकाभर बसून राहिल्या.

पण सगुणाबाई पडल्या संसारी. जाणाऱ्या प्रत्येकाला त्या दारातून ओरडून सांगत, "माल तुम्हाला लखलाभ! टोपली तेवढी परत द्या हो!"

इथेच चुकले, मुलांनो. शेजारचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही पद्धत त्या जंगलातही होती. आपण वाटीत चिमूटभर साखर तरी घालतो. जाणकारांच्या घरी साखर कुठली?

नकुलराव टोपली घेऊन आले. तिच्यात दोन स्कॅनर होते आणि वर कीबोर्डांची चळत.

"हे काय?" सगुणाबाई किंचाळल्या.

"रिकामी कशी द्यायची, वहिनी? बरं दिसत नाही. आमच्या हिनेच सांगितलं, शिगोशीग भरून न्या म्हणून. आणि सगळं चालू आहे बरं का!"

सशाची टोपली आली. घोरपडीची तर दोघांना उचलून आणावी लागली. दारी आलेल्याला नाही कसे म्हणायचे? आधी कोपरा गेला, मग जायची वाट गेली, मग उंबरठाही गेला. कंटकराव मात्र आनंदाने एकेक बटण दाबून पाहत होते. तेवढ्यात सगुणाबाईंना कळा सुरू झाल्या, आणि त्यांना स्वतःच्याच घरात शिरता येईना.

त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि तडक मुंगसाचे बीळ गाठले.

मुंगशीण दारातच होती. "अगं बाई, या ना! सगळं घर मोकळं आहे आमचं. तुमच्याच टोपलीच्या कृपेनं!"

तिथेच पिल्ले झाली आणि ऐसपैस पाय पसरून झोपली. कंटकराव धावत आले. एकेक पिल्लू त्यांनी वाकून पाहिले.

"सगळी धडधाकट आहेत ना गं?"

"सगळी चालू आहेत," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि इथून हलणार नाहीत."

"मग मीही इथेच राहायला येतो!"

"या की. फक्त येताना रिकाम्या हाताने या."

तात्पर्य: दान केल्याने घर रिकामे होते, हा गैरसमज आहे. घर रिकामे करायचे असेल तर दुसऱ्याचे दान हसतमुखाने घ्यावे आणि त्याची टोपली अगदी वेळेवर परत करावी.