मोठ्या बाबांचं श्राद्ध आणि आमचं लोणार

तुम्हाला म्हणून सांगतो, डोणगावच्या शाळेचं वेळापत्रक बसवावं तर मीच! खोल्या चार, वर्ग सात, मास्तर पाच आणि त्यातला एक कायम आजारी. तरी माझ्या वेळापत्रकात दोन वर्ग कधी एका खोलीत भांडले नाहीत. तेव्हा दोन माणसांची दीड दिवसाची सहल बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

ही चौसष्ट सालची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. घरात अकरा माणसं. बायकोशी, म्हणजे कोकिळाशी, सलग दोन वाक्यं बोलायची सोय नव्हती. पहिलं वाक्य मी बोलायचो आणि उत्तर ओसरीवरून भलतंच कुणीतरी द्यायचं. एकदा मी हळूच म्हणालो, "आज लय छान दिसून राह्यली!" तर पलीकडून बाबांचा आवाज आला, "कोन? म्हैस?" त्या दिवशी दारात नवी म्हैस आणली होती.

बरं, "आम्ही दोघं जरा फिरून येतो" असं म्हणायची प्राज्ञा नव्हती. आमच्याकडे नवरा-बायको जोडीनं गाव सोडायचे ते दोनच कारणांनी. कुणी जन्मलं म्हणून, नाहीतर कुणी मेलं म्हणून. पहिल्याची अजून काही चिन्हं नव्हती.

दुसरं मात्र हाताशी होतं. माझे थोरले काका पुंजाजी, आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणायचो, ते जाऊन मार्गशीर्षात वर्ष होत होतं. त्यांना पोरबाळ नाही. अग्नी मीच दिलेला, तेव्हा वर्षश्राद्धही माझ्याकडेच आलं. माणूस मोठा मायाळू. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेला मला बैलगाडीनं नेऊन आठ दिवस गाडीखाली झोपलेला! त्यांच्या नावानं पाणी सोडायचं तर मनापासूनच सोडायचं. पण मनापासून पाणी सोडून झाल्यावर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, याबद्दल शास्त्र गप्प आहे.

मी बेत कागदावर मांडला. सकाळी लोणारला धारेवर श्राद्ध. दुपारी साहस, म्हणजे विवराच्या काठावरून झाडीतून खाली उतरणं. झाडीत बिबट्या आहे असं ऐकून होतो. तो नसला तर उत्तमच, पण आहे असं कोकिळाला वाटलं पाहिजे, म्हणजे ती हात धरेल. आणि संध्याकाळी सरोवराच्या काठी बसून प्रेम! मुक्काम धर्मशाळेत. सकाळच्या गाडीनं परत.

"श्राद्ध घरी काऊन नाई?" बाबांनी विचारलं.

"धारेले गंगेचं पानी येते म्हनतात, बाबा. तिथं केलं की मोठ्या बाबाले सरळ वर जागा."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हिंमत पोरा, जन्मात पह्यल्यांदा अकलेचं बोलला!"

आतून कोकिळाच्या बांगड्या वाजल्या. मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात गोजरबाई बाहेर आली. ही मोठ्या बाबांची बायको, आमची मोठी माय. वय पासष्ट, पण आवाज असा की तिनं अंगणात हाक मारली की मेहकरच्या वाटेवरचे बैल थांबत.

"हिंमत, पुंजाजी नवरा कोनाचा व्हता?"

"तुहाच की, मोठे माय."

"मंग श्राद्धाले तुमी दोघं जाऊन राह्यले अन् मी काय इथं शेंगा निवडू? मीबी चालली संगं!"

माझ्या वेळापत्रकाला पहिलं भोक पडलं.

दुसरं भोक शेजारच्या मोतीरामनं पाडलं. "मास्तर, जातच हा तर माह्या बाबाच्या नावानंबी एक ओंजळ सोडा." मग यादीत त्याची माय आली, आजा आला, चुलते आले. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली आपापले मेलेले घेऊन दारात उभी! मी वहीत नावं लिहीत होतो. शेवटी मोतीराम म्हणाला, "अन् लिहा, सहदेव."

"सहदेव? तुह्या बायकोचा भाऊ? अबे, तो तर काल बाजारात भेटला मले!"

"भेटो ना! माह्यासाठी मेला तो. लिहा."

अशी एकोणतीस मयत माणसं आणि एक जिवंत बाई घेऊन आम्ही मधुचंद्राला निघालो.

एसटीत मोठी माय मधे बसली. डावीकडे मी, उजवीकडे कोकिळा. कोकिळानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मोठ्या मायनं ते चिमटीत धरून पाहिलं.

"श्राद्धाले चालली का लग्नाले, व माय?"

"मोठ्या बाबाले हा रंग लय आवडे," कोकिळा पापणीही न हलवता म्हणाली.

"त्याले मोतीबिंदू व्हता. माहं तोंड दिसे नाई, रंग कुठून दिसते!"

लोणारला धारेवर पोचलो. दगडी गोमुखातून पाण्याची अखंड धार पडत होती. मी आंघोळ केली, ओलं धोतर नेसलो, भटजींनी मंत्र म्हटले. एकोणतीस नावं ऐकताना भटजींना दोनदा जांभई आली, पण पार पडलं. मग पानावर भात, वरण, वडे, मोठ्या बाबांची आवडती आंबाडीची भाजी असं वाढून पान कठड्यावर ठेवलं आणि आम्ही कावळ्याची वाट पाहत बसलो.

कावळा काही येईना! समोरच्या झाडावर चांगले चार बसले होते. पानाकडे असे बघत होते, जसे काही सकाळीच पंगतीत जेवून आलेत.

"आत्मा अडकला आहे कशात तरी," भटजी म्हणाले. "काहीतरी शब्द द्या त्यांना."

मी हात जोडले. "मोठे बाबा, मोठ्या मायले मी सांभाळीन." कावळा ढिम्म. "तुमच्या ढवळ्या बैलाले विकनार नाई." ढिम्म. "वावरातली बाभूळ तोडनार नाई." एका कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन डोक्यावर आलं. कोकिळा माझ्याकडे बघायची, मी सूर्याकडे बघायचो. साहसाची वेळ टळत चालली होती!

आणि तेवढ्यात मागच्या झाडावरून धप्पकन उडी पडली. काळ्या तोंडाचा, हातभर शेपटीचा एक दांडगा वानर! त्यानं कठड्यावर बैठक मारली आणि सगळं सोडून आधी आंबाडीच्या भाजीत हात घातला.

मी काठी उचलली. मोठ्या मायनं माझा हात धरला.

"मारू नको! आधी आंबाडी! अन् बसनं पाह्य त्याचं. एक मांडी मोडलेली, एक गुडघा वर." तिनं झटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "हिंमत... हे तुहे मोठे बाबा हायेत."

"मोठे माय, हा वानर हाये!"

"मले सांगते तू? चाळीस वर्सं संसार कोनं केला?"

भटजी शहाणे होते. त्यांची जेवायची वेळ झाली होती. म्हणाले, "जीव तो जीव. शास्त्राची हरकत नाही." आणि दक्षिणा घेऊन निघाले.

वानरानं पान साफ केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कोकिळाच्या शेजारचं गाठोडं उचलून विवराच्या उतारावरून खाली धूम ठोकली! माझं काळीजच गेलं. त्या गाठोड्यात शेव होती, पावडरचा डबा होता, आणि तिच्या दुसऱ्या लुगड्याच्या घडीत, तिलाही न सांगता, मी एक पत्र सरकवून ठेवलं होतं. घरात बोलायला मिळत नाही म्हणून आठ दिवस शाळेत बसून लिहिलेलं, दोन पानी!

"बलावून राह्यले मले!" मोठी माय ओरडली आणि लुगड्याचा ओचा खोचून वानरामागे उतार उतरू लागली.

मंडळी, साहस म्हणतात ते हेच! पासष्ट वर्षांची बाई शेळीसारखी दगडावरून दगडावर, तिच्यामागे कोकिळा, आणि कोकिळामागे ओलं धोतर सावरत मी. अर्ध्या वाटेत माझा पाय घसरला. उरलेली वाट मी बसूनच उतरलो. बोरीच्या झाडानं माझ्या धोतराचा मागचा भाग श्रद्धेनं ठेवून घेतला. बिबट्याची आठवणसुद्धा झाली नाही. असता तर आमची वरात बघून तोच झाडावर चढला असता.

खाली पोचलो आणि सरोवराचा वास नाकात घुसला. सडलेल्या अंड्यांचा! आणि इथं मी प्रेम करणार होतो!

काठावरच्या एका पडक्या देवळाच्या चौथऱ्यावर वानर शेव खात बसला होता. चार हातांवर मोठी माय, धापा टाकत.

"आता बरे सापडले!" तिनं सुरुवात केली. "चाळीस वर्सं सांगे मी, लोनार दाखवा, लोनार दाखवा. बारा कोसांवर नाई नेलं तुमी मले! अन् मेल्यावर आनलं? जिते असता पायाले काय झाल्तं?"

वानरानं शेवेची मूठ तोंडात कोंबली.

"खा, खा! आइकू कायले येईन! जितेपनी तरी कुठं येत व्हतं?" बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "जायच्या आदल्या दिवशी मी तुमच्यावर वरडली. तंबाखूसाठी. तेच शेवटचं बोलनं झालं. एक शब्दबी न बोलता गेले तुमी. असं जाते का कोनी?"

वर्षभरात मोठी माय रडलेली आम्ही पाहिली नव्हती.

वानरानं गाठोडं झटकलं. लुगडं पडलं, पावडर सांडली, आणि घडीतून माझं पत्र निघून वाऱ्यानं थेट मोठ्या मायच्या पायाशी! वानर पावडर हुंगून शिंकला आणि झाडीत पसार झाला.

मोठ्या मायनं कागद उचलला. "कोकिळे, वाच व माय. काय लिवलं त्यायनं?"

"मोठे माय, मोठ्या बाबाले तर सहीबी येत नव्हती..." मी म्हणालो.

"वर जाऊन शिकले असतीन! वर्स झालं ना!"

कोकिळानं कागद उघडला. पहिल्या ओळीवर तिचा चेहरा लाल झाला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की दोन वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ती हसून सांगून टाकेल. पण तिनं घसा साफ केला आणि वाचू लागली.

"'माझी गोजर...'" माझं पत्र 'माझी कोकिळा' असं सुरू होत होतं! "'घरात माणसांची इतकी गर्दी, की तुझ्याकडे पाहायलाही उसंत मिळत नाही. पण तू भाकरी थापतेस तेव्हा तुझ्या बांगड्या वाजतात, आणि मी पुस्त...'" ती थबकली. "'...मी चिलीम ओढता ओढता तेवढंच ऐकत असतो. तू रागावलीस तरी मला ते गोडच लागतं. मला बोलता येत नाही, म्हणून तू मनात काही ठेवू नकोस.'"

दोन्ही पानं तिनं वाचली. कुठं अडखळली नाही. शाळेतले इन्स्पेक्टर असते तर शंभरपैकी शंभर दिले असते!

मोठी माय चौथऱ्यावर बसली. सूर्य कलला, पाणी हिरव्याचं सोनेरी झालं. मग डोळे पुसून म्हणाली, "चाळीस वर्सांत भाजीत मीठ कमी हाये, एवढंच बोलला हा मानूस. अन् पोटात हे एवढं व्हतं!"

तिनं पत्राची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. मग काठावरचा पांढरा खार खरवडून पदरात बांधू लागली. पापडाला चांगला असतो म्हणे.

धर्मशाळेत मोठी माय आमच्या दोघांच्या मधे झोपली. अगदी गाढ! वर्षभरात पहिल्यांदा.

घरी आल्यावर दोन दिवसांनी विहिरीवर कोकिळानं मला गाठलं. "पत्र लय चांगलं व्हतं. पन ते आता मोठ्या मायचं झालं. मले नवं लिहून द्या."

"देतो की! त्यात काय!" मी म्हणालो.

आठवडा गेला. 'माझी कोकिळा' याच्यापुढे शाई सरकेना! वर्गात बसलो, वावरात बसलो, म्हशीजवळसुद्धा बसून पाहिलं. शेवटी लाज गुंडाळून मोठ्या मायकडे गेलो. म्हणालो, "मोठे माय, ते पत्र जरा घटकाभर दे ना. कोकिळेसाठी दोन ओळी उतरवून घेतो."

मोठ्या मायनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"लाज नाई वाटत, मास्तर झाला तरी? बायकोले लिवाचं तं सोताच्या मनातलं लिव! दुसऱ्याच्या नवऱ्याचं कायले चोरून राह्यला बे!"