रघूनानांचा गिअरबॉक्स

सकाळी उठल्यावर माणसं दात घासतात. आमचे शेजारी रघूनाना आधी गिअरबॉक्सचं तेल हुंगायचे. लुंगीवरच अंगणात यायचे, गाडीचं लांबलचक बॉनेट उघडायचे, तेलाची पट्टी काढून नाकाशी धरायचे आणि जळका वास आला की तिथेच उकिडवे बसायचे. जळका वास रोज यायचा.

धुळ्यात आग्रा रोडला नानांचं मोटारपंपांचं दुकान होतं. ते त्यांनी नीट चालवलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण अमळनेरच्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या मालकाकडून त्यांनी जुनी अमेरिकन गाडी उचलून आणली. स्टिअरिंग डाव्या हाताला, गिअर आपोआप बदलणारे, क्लच नावाचा प्रकारच नाही. तिचं पेट्रोल इंजिन कधीच मेलेलं. नानांनी तिथे ट्रकचं डिझेल इंजिन बसवलं. शहाण्या माणसाला एवढ्यावर थांबता आलं असतं.

त्या इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पेलेना. नाना ॲक्सिलरेटर दाबायचे, गल्ली हादरायची, धूर आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि गाडी जागची हलायची नाही. आतल्या चकत्या एकमेकींना धरण्याऐवजी घसरायच्या आणि जळायच्या. "प्रेशर कमी शे," नाना म्हणायचे. हे त्यांचं एकुलतं एक निदान. नळाला पाणी नाही, प्रेशर कमी शे. शाळेत पाहुण्यांचं भाषण पडलं, प्रेशर कमी शे. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा माझ्या वडिलांनाही त्यांनी हेच सांगितलं.

मग गिअरबॉक्सची तालीम सुरू झाली. आतल्या चकत्या वाढवल्या. त्यांना ट्रकच्या क्लचवाल्याकडून नवं अस्तर चिकटवून आणलं. ते गरम तेलात सुटून त्याचा लगदा झाला. तेलाचा दाब वाढावा म्हणून व्हॉल्व्हमध्ये कडक स्प्रिंग घातली. आता गिअर बदलताना असा हिसका बसायचा, की जळगावचे त्यांचे साडू मागच्या सीटवरून पुढे आले. त्यानंतर ते एसटीनेच येत. तेल तापतं म्हणून ट्रॅक्टरचा ऑइल कूलर समोर बांधला, तशी गाडी मुंडावळ्या बांधल्यासारखी दिसायला लागली.

गॅरेजवाला सलीम दर वेळी सांगायचा, इंजिन ट्रकचं आहे तर गिअरबॉक्सही ट्रकचाच लावा, हातोहात गाडी रस्त्यावर येईल. नाना ऐकल्यासारखं करायचे आणि पुन्हा खाली घुसायचे. समोर मी त्यांना हट्टी म्हणायचो. मागे काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही.

एका रविवारी दुपारी दारात हॉर्न वाजला. गाडी चालू होती आणि नाना मला बसायला बोलावत होते. सोनगीरपर्यंत जाऊन येऊ म्हणाले. स्टिअरिंगवर त्यांची थोरली बहीण होती, अक्का. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय गेला होता. लग्न झालं नाही, शाळा अर्ध्यात सुटली. कुबडी घेऊन ती ओट्यापर्यंत यायची; त्यापुढे कुठे जायचं तर कुणीतरी उचलून रिक्षात बसवायचं. आज तिची कुबडी मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर आडवी होती.

गाडी निघाली. गिअर बदलला तो नुसता जाणवला. सवयीप्रमाणे मी म्हणालो, सलीमचं ऐकलं असतं तर एवढी वर्षं गेली नसती.

पुढे बसलेल्या नानांनी मागे वळून बघितलं नाही. "क्लच दाबाले तिना डावा पाय चालस का, भाऊ?"

मी मांडीवरची कुबडी नीट धरली.

सोनगीरच्या किल्ल्याखाली नानांनी गाडी थांबवायला सांगितली. आम्ही दोघं उतरलो. अक्काने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फक्त मान हलवली, आणि ती एकटीच शिरपूरच्या रस्त्याला लागली.

बराच वेळ झाला. ट्रकमागून ट्रक गेले, गाडी काही दिसेना. गिअरबॉक्स गेला असणार, मी म्हणालो. एखाद्या ट्रकला हात करतो आणि पुढे जाऊन बघून येतो. नाना मैलाच्या दगडावर बसले होते.

"बस, भाऊ," ते म्हणाले. "पयलांदाव एकली गयी शे. फिरू दे तिले."