दोन दौलतींच्या एका प्रबंधाची हकीकत

श्रीशारदा आणि तिचे दफ्तर सांभाळणारे, उभयतांस दंडवत. शालिवाहन शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध पंचमीस पूर्वेची विद्यादौलत आणि उत्तरेकडील थंड मुलखाची विद्यादौलत यांजमध्ये तह जाहला, त्याची हकीकत आपण विचारिली, ती जैसी पाहिली आणि ऐकिली तैसी लिहितो. संवत्सराचे नाव त्या दिवशी कोणी मनावर घेतले नाही.

तहाची कलमे सतरा. त्यांत मुख्य ते हे, जे उर्मिलाबाई ठाकूरदेसाई यांनी एकच प्रबंध दोन गुरूंचे हाताखाली लिहावा, आणि वर्षाचे सहा मास पूर्वेस राहावे व सहा मास उत्तरेस, एक दिवस उणा नाही की अधिक नाही, आणि शेवटी एकच परीक्षा होऊन दोन्ही दौलतींच्या मोहोरा एका पदवीवर उठाव्या. सहा वर्षांत न उठल्या तर दोन्हीकडील नाव खारीज. बाई कॉलेजातील कायमची नोकरी सोडून या मोहिमेवर निघाल्या होत्या, परतीची वाट ठेविली नव्हती. प्रबंधाचा विषय, कुंभार लोक माती जिभेवर ठेवून तिची पारख कैसी करितात. दोन्ही मुलखांत कुंभार आहेत आणि दोन्हीकडे माती चाखितात, म्हणोन दोन्ही दौलतींस विषय बहुत पसंत पडला.

पूर्वेचे गुरू त्र्यंबकराव निमगावकर. विद्वान, मृदू, दुसऱ्याचे मानाला तिळभर धक्का लागो न देणारे. उत्तरेचे गुरू एरिकसन साहेब, तेही तैसेच. येथेच सारा घात जाहला. दोघांपैकी एक जरी उर्मट असता तरी बाईंची चार वर्षे वाचती. पहिले प्रकरण लिहून बाईंनी त्र्यंबकरावांकडे रुजू केले, तेव्हा राव म्हणाले, "छान! पण आधी साहेबांच्या नजरेखालून जाऊ द्या. ते परके, मान त्यांचा. त्यांच्या आधी मी खुणा केल्या तर बरं दिसत नाही." मग बाईंनी तेच प्रकरण विजेच्या खलित्याने साहेबांस धाडिले, आणि साहेबांचे उत्तर आले जे, प्रकरण हाती आले, आनंद जाहला, परंतु विषय आपले देशाचा, रावांनी पाहिल्यावाचून मी बोलणे हा अविवेक होईल. मग बाई पुनः रावांकडे गेल्या. राव म्हणाले, "बघा, किती सभ्य मनुष्य!" आणि प्रकरण कपाटात ठेविले.

ऐसी पाच प्रकरणे जाहली. मध्ये महामारी येऊन वर्ष गेले, तेव्हा दोघे गुरू काचेच्या पाटीवर एकमेकांस भेटत आणि अर्धा प्रहर एकमेकांची स्तुती करीत, आणि बाई खालच्या कोपऱ्यात चौकटीत बसून मान डोलावीत. एके वेळी रावांनी सुचविले जे दुसरे प्रकरण लांबले असावे. "असावे" हा शब्द बाईंनी तेव्हाच धरावयाचा होता, पण शिष्याचे जातीस गुरूवर संशय येत नाही. त्यांनी चाळीस पाने छाटिली. मग साहेबांनी लिहिले जे दुसरे प्रकरण आखूड वाटण्याचा संभव आहे. बाईंनी चाळीस पाने पुनः जोडिली. दोघांनीही सुधारणा उत्तम जाहली ऐसे कळविले. बाहेरील परीक्षक दोघे नेमिले, ते गुरूंचे स्नेही, त्यांनी अभिप्राय दिला जे गुरूंचे मताशी आम्ही सहमत आहो.

मग शके एकोणीसशे सेहेचाळीस, ज्येष्ठ मास आला आणि मुदतीस नऊ दिवस उरले. पूर्वेचे दफ्तरात बाबाजी शेलार म्हणोन कारकून होते, त्यांचे काम इतकेच, जे प्रबंधाचे प्रत्येक पानास डावीकडे दीड इंच समास आहे की नाही ते फूटपट्टीने पाहावे आणि शिक्का मारावा. एका प्रबंधास त्यांस एक दुपार लागे. बाईंच्या प्रबंधास चार दिवस लागले. बाई रोज खिडकीशी जाऊन उभ्या राहत. "शेलारकाका, काही चुकलंय का?" तर शेलार म्हणत, "न्हाई बाई. चाललंय. उद्या या." बाईंचा जीव टांगणीला लागला, रात्रंदिवस समासच दिसू लागला. पाचवे दिवशी शिक्का मिळाला.

मुदत सरण्याचे आदले दिवशी परीक्षेची सभा भरली. पूर्वेचा रिवाज ऐसा, जे परीक्षा उघड्या दरबारी व्हावी, ज्याने प्रबंध वाचिला त्या कोणासही प्रश्न करण्याची मुभा असावी, आणि एकही प्रश्न न जाहला तर परीक्षा जाहली ऐसे धरू नये. रावांची स्वारी पुढे बसली, साहेब भिंतीवरील काचेत प्रकट जाहले, आणि शेलार हजेरीचा कागद घेऊन दारापाशी उभे राहिले. बाईंनी पाऊण घटका विषय मांडिला. मग सभापती म्हणाले, "आता प्रश्न." राव उठोन काचेस नमस्कार करून म्हणाले, पहिला मान साहेबांचा. साहेब म्हणाले, छे, यजमानांचा. राव म्हणाले, आपण वडील. साहेबांनी जन्मतारीख विचारिली, तो राव सात महिन्यांनी वडील निघाले. तेव्हा राव म्हणाले, वडिलांनी धाकट्यास पुढे करावे हीच आमची रीत. ऐसी वीस मिनिटे गेली. सभापतींनी घड्याळ पाहिले.

तेव्हा उर्मिलाबाई, ज्यांनी सहा वर्षांत कोणाचे पुढे मोठा आवाज केला नव्हता, त्या म्हणाल्या, "सर, राग मानू नका. पण तुम्हा दोघांपैकी कुणी वाचलाय का हो माझा प्रबंध?"

राव काचेकडे पाहू लागले आणि साहेब काचेतून रावांकडे पाहू लागले, आणि दोघांचेही ध्यानी एकाच वेळी आले जे समोरच्याने वाचिला असेल या भरवशावर आपण सहा वर्षे काढिली. रावांचा चेहरा उतरला. मनुष्य लबाड नव्हता, म्हणोन त्याची लाज पाहवेना. सभापती हळूच म्हणाले, "प्रश्न झाल्याशिवाय मला सही करता यायची नाही." बाई खुर्चीस धरून उभ्या होत्या.

तो दारापाशी शेलार खाकरले. "मी इच्यारू का? मी वाचलाय." सभापती म्हणाले, "तुम्ही? तुम्ही समास बघता ना?" शेलार म्हणाले, "समास बघताना अक्षरं दिसत्यातच की साहेब. पयल्या दिवशी समासच बघत हुतो. मग ऱ्हावलं न्हाई." सभापतींनी रिवाज काढून वाचिला. त्यात वाचणाऱ्याचा हुद्दा लिहिला नव्हता. "विचारा," म्हणाले.

शेलार बाईंकडे वळले. "पान एकशे ऐंशी. सोनाबाई कुंभारीण माती जिभेवर ठेवती आन् म्हणती, 'रुसलीया ही. चार दिस झाकून ठेवा, मग बघू काय म्हणती.' पुढं चौथ्या दिवशी काय झालं ते लिवलं न्हाई. मी म्हटलं माझंच पान सुटलं. दोनदा मागं जाऊन बघितलं. काय झालं वो चौथ्या दिवशी?"

सहा वर्षांतला हा पहिला प्रश्न. बाईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, काका. दुसऱ्या दिवशी माझे इथले सहा महिने संपत होते. कलमाप्रमाणे मला निघावं लागलं. चौथ्या दिवशी मी तिकडच्या मुलखात बर्फात उभी होते. परत आले तेव्हा सोनाबाई गेल्या होत्या. त्यांच्या सुनेला विचारलं, तिला काही आठवेना."

शेलारांनी हजेरीचे कागदाची घडी केली. मग म्हणाले, "मंग ह्ये लिवाया पायजे हुतं, बाई." बाई म्हणाल्या, "हो. लिहायला हवं होतं." आणि सभापतींनी कागदावर नोंद केली जे प्रश्न जाहला आणि उत्तर सत्य आले.

त्याच दिवशी मोहोरा उठल्या, एक गोल, एक लांबट. उर्मिलाबाई आचार्य जाहल्या. त्र्यंबकरावांनी प्रबंधाची प्रत मागून घेतली आणि छातीशी धरून पायीच घरी गेले, आणि साहेबांनीही एक प्रत मागविली. येणेप्रमाणे तह सिद्धीस गेला. कलमे सतराही पाळिली, गुरूंचे मान राहिले, पदवी दोन दौलतींची मिळाली. सोनाबाईंची माती चौथे दिवशी काय म्हणाली, ते मात्र दोन्ही दौलतींत कोणासही ठाऊक नाही.