पुढच्या चाकांचा रुसवा

शिदबा डोईफोड्याच्या जीपची पुढची दोन चाकं गेल्या दसऱ्यापास्नं रुसलेली हुती. आता चाक रुसनं ही काय धरनाच्या फुगवट्याकडंला नवलाची गोष्ट न्हाई. मास्तरांनी नवी घंटी हँडलला बशिवली आन आपल्याला काय बी आनलं न्हाई, म्हनून त्यांच्या सायकलचं मागचं चाक उन्हाळाभर तोंड फुगवून हुतं. रुसलेलं चाक पळून जात न्हाई, पंचर बी हुत न्हाई. फिरतं. पर नुसतं संगं फिरतं, वरातीतल्या पावन्यावानी. जोर म्हनून लावत न्हाई.

डांबरी रस्त्यावर शिदबाचं त्यापायी काय अडत नव्हतं. जीप जुनी, फोरव्हीलची. म्हंजे एरवी वढायचं काम मागच्या दोन चाकांचं, पुढची दोन नुसती वळायला. चिखल लागला, चढ लागला, की बारकी दांडी खाली वढायची, मग पुढची बी जोर लावत्यात आन चारी मिळून गाडी भाईर काढत्यात. अशी सोय. मातूर ती दांडी म्हंजे हुकूम न्हवं, आवतान असतं. आवतानाला यायचं का न्हाई, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

शिदबानं अकरा महिनं ती दांडी वढलीच न्हाई. कोन येनार न्हाई ते त्याला म्हाईत हुतं. आन का येनार न्हाई, ते गावात फकस्त त्याला एकट्याला म्हाईत हुतं. तेच तर दुखनं हुतं.

आज वढावी लागनार हुती.

त्याचं आसं की, शिदबाचा एक झोपायचा डबा हुता. दोन चाकांचा, पत्र्याचा, जीपच्या मागं अडकवायचा. आत दोन बाकडी, एक शेगडी, खिडकीला फुलांचा पडदा. शहरातली मानसं यायची, डबा पान्याच्या कडंला लावून त्यात झोपायची, सकाळी डास मोजायची आन “किती शांत हाय हो” म्हनून जायची. पावसाळ्यात धरन भराय लागलं की डबा वर काढायचा, ही दरसालची रीत. नागपंचमीच्या आत डबा वर पायजे. शिदबा या साली आज काढतो, उद्या काढतो करत बसला. बायको तानूबाई इचारायची, तवा त्याच्या पोटात दुखायचं, न्हाईतर पायात काटा मोडायचा. असं करता करता भादवा आला आन पानी डब्यापास्नं वीस हातावर आलं.

दुपारी तीन वाजता इलाहीभाई पाटकरी वही घिऊन आला. धरनाचं पानी किती चढलं, ते दर तासाला लिवायचं त्याचं काम. त्यानं पान्यात काठी रवली, चष्मा पुसला.

“शिदबा, चार वाजता लाल दगुड बुडल. पाच वाजता डबा.”

“जरा दमानं न्हाई का यायचं?”

“मी का पानी?”

“न्हवं, तुमच्या वहीत एक तास मागं लिवलं तर?”

“बाबा, पानी माज्या वहीवर चालत न्हाई. माजी वही पान्यावर चालती.” इलाहीभाईनं टोपी सारकी केली. “डबा रिकामा हाय न्हवं?”

डब्याची खिडकी उघडली. फुलांच्या पडद्यामागनं तानूबाईचं तोंड भाईर आलं.

“रिकामा कसा? मी हाय की.”

“वैनी, भाईर या.”

“न्हाई यायची. कोंबडी खुडूक बसलीया बाकड्याखाली. अकरा अंडी हायत, दोन दिसांवर आल्यात. हलवली तर उठंल. आन म्या उतरले की हे डबा सोडून देत्यात, मला म्हाईत हाय. मागल्या साली माजी होडी अशीच सोडली. म्हनं, दोर तुटला.”

“दोर खरंच तुटला,” शिदबा म्हनला.

“विळ्यानं तुटला.”

इलाहीभाईनं वहीत लिवलं: डब्यात मानूस एक, कोंबडी एक, अंडी अकरा.

शिदबानं जीप डब्याला अडकवली, आकडा घट केला, आन पयल्या गिअरात टाकली. मागच्या दोन चाकांनी मातूर जिवाच्या आकांतानं वढलं. चढ हुता तांबड्या मातीचा, वर निसरडं गवत. डब्याचा सगळा भार जीपच्या शेपटावर बसला, मोहरं हलकं झालं आन मागची चाकं जागच्या जागी फिराय लागली. जितकी फिरली तितकी खाली गेली. जीप पुढं जायच्या ऐवजी टीचभर मागं सरकली, पान्याकडं.

“आमी वढतोय, मालक,” मागचं उजवं चाक धापा टाकत म्हनलं. “पर माती ऐकना. पुढच्यांना सांगा की.”

“सांगा म्हनं!” पुढचं डावं चाक म्हनलं. अकरा महिन्यात पयल्यांदा बोललं ते. “आमाला कोन सांगतंय? आमी आपली वळायला ठिवलेली मानसं.”

“व्हय,” पुढचं उजवं म्हनलं. ते बोलायचं कमी. डावं बोललं की “व्हय” म्हनायचं.

वरच्या अंगाला सुताराच्या पोराचा ट्र्याक्टर हुभा हुता. शिदबानं हाक मारली, तर ट्र्याक्टरची मोठी चाकं एका सुरात म्हनली, घरचा रुसवा हाय, तिसऱ्यानं मधी पडू नये. आन त्यांचं बी खरंच हुतं. फुगवट्याकडंला तशी रीतच न्हाई. रुसवा मिटला की येतो म्हनली, च्या प्यायला.

शिदबाच्या कपाळाला घाम आला. त्यानं दांडीला हात लावला. दांडी खाली वढली.

काय बी झालं न्हाई.

“आवतान पोचलं का?” त्यानं बारीक आवाजात इचारलं.

“पोचलं,” डावं चाक म्हनलं. “आमी येत न्हाई.”

इलाहीभाई मडगार्डाजवळ उकिडवा बसला. त्याला असल्या कामाची सवय हुती. गावात लग्नाला सोयरा रुसला की त्यालाच बोलवायचं. त्यानं वहीचं नवीन पान काढलं, वर तारीख घातली.

“नाव?”

“पुढलं डावं.”

“रुसव्याचं कारन?”

“मालकाला इचारा.”

“शिदबा, कारन?”

शिदबानं खिडकीकडं बघितलं. तानूबाई हनवटी हातावर ठिवून बघत हुती.

“मला काय ठावं. चाकांच्या मनातलं मला काय कळतंय?”

“लिवा,” डावं चाक म्हनलं. “मालकाला ठावं न्हाई. आमी बसतो हितंच.”

“व्हय.”

पान्यानं लाल दगुड गिळला. इलाहीभाईनं उठून चार वाजल्याचं लिवलं आन परत येऊन बसला. आता पानी डब्याच्या चाकांना लागलं हुतं. डब्याची दोन चाकं बिचारी काय बोलनार. ती वढून घेनारी, त्यांना मत न्हाई. नुसती हळूच म्हनली, “गार हाय.”

आता खरं काय झालं हुतं, ते सांगितलं पायजे. दसऱ्याला गाडी पुजायची, हार घालायचा, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठिवायचं आन गाडी त्यावरनं पुढं घ्यायची. तानूबाई त्यासाठनं माहेरास्नं, पाटनच्या भावाच्या झाडाची, चार लिंबं पदरात बांधून घिऊन आली हुती. पिवळीधमक, लाडवाएवढी. शिदबाच्या हातात दिली आन म्हनली, “चारी चाकांना. माज्या भावाचं नाव राखा.” आन आत गेली नैवेद्य करायला. उन्हाचा कडाका. शिदबाला तहान लागली. त्यानं इचार केला, वढतात तर मागचीच. मागच्यांना दोन लिंबं ठिवली. दोन पिळली, साखर घालून तांब्याभर सरबत केलं, आन पिऊन टाकलं. पुढच्या चाकांखाली काय ठिवायचं? टोपलीत कांदं हुतं. दोन कांदं ठिवलं, वरनं झेंडूची फुलं घातली. तानूबाई भाईर आली तवा गाडी पुढं गेली हुती, आन ती म्हनली, “भावाच्या लिंबाचा काय वास सुटलाय!”

शिदबा नवराबायकूच्या भांडनाला भीत नव्हता. तानूबाई वरडली की त्याला बरं वाटायचं, घर भरल्यावानी वाटायचं. ती गप बसली की त्याला भ्याव वाटायचं. होडीच्या टायमाला ती एकवीस दिस गप हुती. एकवीस दिसात शिदबा सात किलो उतरला. आन ह्ये तर माहेरचं लिंबू.

“अवो,” खिडकीतनं आवाज आला. “पानी पायरीला लागलं. काय म्हनत्यात ती?”

“काय न्हाई. जरा हवा कमी हाय म्हनत्यात.”

“शिदबा,” इलाहीभाई हळूच म्हनला, “मला कारन न लिवताच वही बंद करायला लावू नगंस. वैनी आत हाय.”

“इलाहीभाई, तिनं ऐकलं तर ती भाईर यील, पर माज्याकडं यायची न्हाई.”

“आन न्हाई ऐकलं तर भाईर बी यायची न्हाई.”

मागची चाकं आजून एक टीच खाली गेली. डबा कुरकुरला. आत कोंबडीनं एकदाच आवाज केला, झोपंत मानसानं करावा तसा.

शिदबा इंजन चालू ठिवून खाली उतरला. दोन्ही पायांनी चिखलात हुभा ऱ्हायला, खिडकीकडं तोंड करून. बुशकोटाचं वरचं बटन लावलं.

“तानू.”

“काय वो?”

“दसऱ्याची लिंबं.”

“माज्या भावाची?”

“व्हय. त्यातली दोन म्या प्यालो.”

खिडकीत काय बी हाललं न्हाई.

“पुढच्या चाकांखाली,” शिदबा म्हनला, “कांदं ठिवलं हुतं.”

“कांदं,” डावं चाक म्हनलं. “लिवा, इलाहीभाई.”

“अकरा महिनं वास जात न्हाई,” उजवं चाक म्हनलं. तेवढंच बोललं, आन त्याच्या रबराला पाझर फुटला.

मागच्या दोन्ही चाकांनी मातीत तोंड घातलं. त्यांना लिंबू मिळालं हुतं न्हवं.

पडदा सरकला. खिडकी लागली. शिदबाला वाटलं, संपलं. मग डब्याचं दार उघडलं आन तानूबाई पायरीवरनं थेट गुडघाभर पान्यात उतरली. डोक्यावर चिनी मातीची बरनी. शिदबाकडं तिनं बघितलं बी न्हाई. चिखलातनं वर आली, जीपच्या मोहरं बसली, बरनीचं फडकं सोडलं आन आत हात घातला. खारातली आख्खी लिंबं हुती. भावाच्याच झाडाची, तीन वर्साची, काळी पडलेली.

“ही तरी चालतील का?” तिनं चाकांना इचारलं.

डाव्या चाकानं वास घेतला. “मुरलेली हायत.”

“माज्या आईनं घातलेली हायत.”

“मग इचारायचं काय त्यात, ताई,” डावं चाक म्हनलं.

“व्हय,” उजवं म्हनलं.

तिनं दोन लिंबं दोन चाकांखाली ठिवली, हळद न्हवती म्हनून बरनीतलाच खार बोटानं लावला, हात जोडलं. आन परत पान्यातनं डब्यात जाऊन बसली, कोंबडीजवळ.

इलाहीभाईनं लिवलं: रुसवा निघाला, चार वाजून पंचवीस मिनिटं. मग वही खिशात घातली आन जीपच्या बॉनेटवर चढून बसला.

“हितं कशाला बसलाय?” शिदबा म्हनला.

“पुढच्यांना जरा भार पायजे. मानाचा मानूस मोहरं बसलेला बरा.”

शिदबानं गाडीत चढून दांडी वर सारली आन परत खाली वढली. खाली लिंबं फुटल्याचा आवाज आला, आन पुढच्या दोन्ही चाकांनी अकरा महिन्यांचा जोर एका दमात लावला. पुढची वढत हुती, मागची रेटत हुती, इलाहीभाई बॉनेट धरून “दमानं, दमानं” करत हुता. पान्यानं सोडताना डब्याला एक मुका घेतल्यावानी आवाज केला. डबा वर आला. पायरी, आकडा, कोंबडी, समदं वर आलं. चढाच्या वर सपाटीला जीप थांबली, तवा ट्र्याक्टर च्या प्यायला येऊन हुभा हुता.

पाच वाजता इलाहीभाईनं काठी बघून लिवलं. डब्याची जागा पान्यात.

तिसऱ्या दिशी अकरातली धा अंडी फुटली. तानूबाई पिलांशी बोलायची, शेजारनीशी बोलायची, इलाहीभाईशी बोलायची. शिदबाशी न्हाई. त्याला काय सांगायचं असलं तर ती अंगनात येऊन जीपच्या पुढच्या डाव्या चाकाला सांगायची, आन चाक शिदबाला सांगायचं. शेनकूट आना. पत्रा ठोका. पाटनचा भाऊ येनार हाय, कटिंग करून या. चाक निरोपात एक अक्षर इकडचं तिकडं करत नव्हतं.

चौथ्या दिशी दुपारी शिदबा जीपच्या सावलीला बसला हुता. तानूबाई आली, चाकाशी वाकून काय तरी बोलली आन आत गेली.

“काय म्हनली?” शिदबानं इचारलं.

“ताट वाढलंय, जेवून घ्या म्हनली.”

शिदबाच्या जिवात जीव आला. “ताटात लिंबू हाय का?”

“न्हाई.”

“मग?”

“दोन कांदं हायत,” चाक म्हनलं.

शिदबा उठला आन हात धुवायला गेला.