दसरूभाऊंची ढोली

दसरूभाऊ घरात आले की आधी माणसांशी बोलत नसत. पागोटं काढून हातात धरायचे, आमच्या ढोलीला कान लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मी पदराचं टोक चावत त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची.

"बोलून राह्यले, बाई."

बोलणारे म्हणजे सोंडे, तांदूळ पोखरणारे किडे. ढोली म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली कणगी. तिच्यात आमचा वर्षाचा तांदूळ असे. चौथीत शाळा सुटलेली मी, लग्न होऊन मालवणहून थेट चांद्याच्या रानात येऊन पडले. आमचे हे जंगलखात्यात नाकेदार, सदा फिरतीवर. पावसाळ्यात नाला भरला की बाजाराची वाट बंद. तांदूळ किडला तर खायचं काय, या धास्तीनं माझा डोळा लागत नसे.

शेजारचे दसरूभाऊ तिखाडीच्या भट्टीवर कामाला होते. तिखाडी हे रानातलं वासाचं गवत. तांब्याच्या हंड्यात उकळून त्याचं तेल काढतात. त्या तेलात चिंध्या भिजवून, पुरचुंड्या बांधून भाऊ त्या ढोलीत पुरायचे.

"मारा कायले लागते त्याइले? वास आला का सोंडा आपल्याच पायानं जाते."

जायचा खरा. पण भाताला गुलाबी साबणाचा वास यायचा. त्या भातावर माशाचं कालवण ओतलं की मला माहेर फार आठवे. तरी देवाचे आभार मानून जेवायची. पोटभर होतं ना!

पाटलांच्या मुलीच्या लग्नात तर भाऊंनी जिव्हाळ्यापोटी अख्खी बाटलीच तांदळात रिकामी केली. पंगत बसली. पहिला घास घेऊन व्याही म्हणाले, "काहो पाटील, तुमी भातालेबी अत्तर लावता काय?" पाटील लाल झाले. भाऊ वाढता वाढता म्हणाले, "वासाचं सोडा. सोंडा निंगाला काय एकतरी?"

मग आमची बदली झाली. उरलेला तांदूळ भाऊंना द्यावा म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरात गेले. कोपऱ्यात आमच्या दुप्पट ढोली, नुकतीच लिंपलेली. झाकण काढलं तर तेलाचा भपकारा आला. आत नुसत्या पुरचुंड्या. दाणा एक नाही.

"भाऊ, धान्य कुठंय?"

"बायको गेली तवापासून भरलीच नाई. एकट्याले लागते किती? आणतो थोडं थोडं."

"मग तेल काऊन घालता?" त्यांचं 'काऊन' माझ्या तोंडी कधी बसलं, कळलंच नव्हतं.

भाऊ ढोलीवरून हात फिरवत राहिले. "तिची ढोली हाय. पण कान लावला, का काईच आयकू येत नाई, बाई."

 मी आमचा उरलेला सगळा तांदूळ आणून तिच्यात ओतला. पुरचुंड्या तेवढ्या वेचून बाहेर ठेवल्या.

निघायच्या सकाळी आमचा छकडा गावाच्या शिवेला लागला, तोच मागून हाका ऐकू आल्या. दसरूभाऊ धावत येत होते, डोक्याला पागोटंसुद्धा नाही.

"बाई! माह्या ढोलीत बोलून राह्यले!"

"अगबाई! मग तेल घाला की लवकर!"

"घालतो ना." छकड्याला धरून ते धापा टाकत हसले. "दोन दिस आयकू तं द्या."