हरलेल्यांचा फेटा

पराभवाने माणसाची उंची वाढते. आमच्या मंगळवार पेठेत तर ती चांगली चार बोटं वाढते, कारण हरलेल्या माणसाला दस्तगीरचाचा घरी जाऊन फेटा बांधतात.

फेटे बांधणं हा चाचांचा धंदाच. लग्नं, सत्कार, मिरवणुका. जिंकलेल्यांचे फेटे ते फोनवर बोलता बोलता उरकतात. हरलेला माणूस मात्र त्यांना निवांत लागतो. नगरसेवकपदाच्या निवडणुकीत आपटलेले आमचे शेजारी दार लावून बसले होते, तेव्हा चाचा गुलालाच्या मिरवणुकीतून उलट्या दिशेने चालत आले आणि त्यांना केशरी फेटा बांधून गेले. शेजाऱ्यांना वाटलं, विरोधकांनीच पाठवला. अकराव्या मुलीकडून नकार आलेल्या माझ्या भाच्याला त्यांनी त्याच्याच दुकानात, भर गर्दीत गाठलं. गिऱ्हाइकं त्याचं अभिनंदन करून गेली. भाचा आठवडाभर दुकानाकडे फिरकला नाही. फेटा बांधताना चाचा दोनच शब्द बोलतात, "मान सरळ."

मला हा प्रकार असभ्य वाटायचा. दुसऱ्यांच्या घरी घडत होता तोवर गमतीचाही.

मग माझी मुलगी पूजा पोलीस भरतीत तिसऱ्यांदा राहिली, एका गुणाने. आता पळणार नाही, एवढंच म्हणाली. मी तिच्याशी आशा आणि जिद्द या विषयावर पाऊण तास बोललो. त्यानंतर तिने खोलीला आतून कडी लावली. दोन दिवस तिचं ताट दाराबाहेरून तसंच परत येत होतं.

तिसऱ्या दिवशी दारात चाचा. काखेत गुलाबी कापड. मी हादरलोच. हात जोडून म्हटलं, आज नको, तिला चेष्टा वाटेल. "सरा की मास्तर," म्हणत त्यांनी मला बाजूला केलं आणि खोलीच्या दाराशी जाऊन ओरडले, "पोरी, डोकं तेवढं भाईर काढ. बाकीची आत ऱ्हायलीस तरी चालंल."

आतून हसल्यासारखा आवाज आला की रडल्यासारखा, ते कळलं नाही. कडी मात्र निघाली.

ती खुर्चीवर बसली. चाचा कापड गुंडाळू लागले. तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, हरलेल्यांना कशाला बांधता?

"माझा इरफान धाव्वीला नापास झालता," चाचा कापड ताणत म्हणाले. "मी गुणवंतांच्या सत्काराला फेटं बांधत हुतो. तितंच आला सांगायला. चारचौघांत म्हणलो, ह्या पोरांकडं बघ, तुझं डोकं फेट्याच्या लायकीचं हाय व्हय?"

हात थांबले नव्हते.

"आता कागलात असतोय. बरं चाललंय की त्याचं. लग्नात फेटा बांधायला मातर दुसरा माणूस बोलावला त्यानं. मी पावण्यांत बसलोतो."

माझ्या बायकोने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. अशा वेळी मला वाचलेलं काहीतरी हटकून आठवतं. काही आठवलं नाही. पूजाने आपण होऊन मान सरळ केली. तुरा नीट उभा करून चाचा चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फेटा डोक्यावर चढवून ती मैदानावर गेली. आठशे मीटरला नेहमीपेक्षा नऊ सेकंद जास्त लागले.