वीस बाय दहाची शिवांजली

स्त्रीशक्तीचा सन्मान हे आपल्या संस्कृतीचं आद्य कर्तव्य आहे. चिंचणेवाडीने हे कर्तव्य एका बुधवारी सकाळी, दूध संस्थेसमोरच्या चौकात, वीस बाय दहा फुटांत पार पाडलं. दोरी सोडून फ्लेक्स उलगडल्यावर कर्तव्याच्या अंगावर कपडे कमी असल्याचं लक्षात आलं.

फ्लेक्सवर शिवांजली होती, पण फक्त गळ्यापर्यंत. ती सैन्यातून निवृत्त झालेल्या जयराज हवालदारांची मुलगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि राज्य कुस्ती स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन त्याच संध्याकाळी पाच वाजता ट्रॅक्टरवरून गावात येणार होती. गळ्याखाली मात्र कुणी दुसरीच बाई होती. मनगटाएवढी कंबर, हातात तलवार, अंगात पत्र्याची चोळी, गुडघ्यावर गेलेले बूट, आणि चोळी ते बूट या मधल्या मुलखात वस्ती अगदीच विरळ. पाठीवर मात्र जमिनीवर लोळणारा लांबलचक झगा होता. म्हणजे कापडाची टंचाई नव्हती, वाटपात घोळ होता.

उपसरपंच नानासो खाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते.

"जयराज, ह्ये कोण म्हनायचं?"

"तोंड तर आपल्या शिवांजलीचं हाय, नाना."

"तोंडाचं न्हाई इचारत मी."

जयराजनी मलकापूरच्या फ्लेक्सवाल्या ऋषिराजला फोन लावला. मंगल, म्हणजे शिवांजलीची आई, शेजारीच होती. तिने स्पीकर चालू केला.

"काका, सुपरहिरोइन हाय ती," ऋषिराज अभिमानाने म्हणाला. "परदेशी कॉमिकमधली. तुमी गळ्यापतुर फोटो पाठवला, मग खाली बॉडी नको? आमच्याकडं बायकांची एकच बॉडी हाय, हात जोडून उभी. ती पैलवान दिसंना. ही बगा, इमारती उचलती."

"इमारत उचलती, मग पदर उचलाया काय झालं हिला?" मंगल म्हणाली.

"काकू, कॉमिकात बायका अशाच काढत्यात. लढताना कपडे अडत्यात त्यांना."

"आन बाप्ये?"

"बाप्यांना पायापतुर असत्यात."

"त्यांना अडत न्हाईत?"

"हॅलो," ऋषिराज म्हणाला. "काकू, आवाज येईना." आणि फोन बंद झाला.

यात एकट्या ऋषिराजचा दोष नव्हता. मूळ दोष आबांच्या अटीत होता. केरबा आबा हे शिवांजलीचे आजोबा, एकेकाळचे नावाजलेले पैलवान. नातीला बोटाला धरून तालमीत नेलं ते त्यांनीच, आणि घरच्या म्हशीच्या दुधावर पहिला हक्क नातीचा, हेही त्यांनीच ठरवलेलं. पण ती स्पर्धेत उतरायला लागली तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "पोरीचा त्या कुस्तीच्या लाल ड्रेसातला फोटो गावात दिसला, की कुस्ती बंद." कारण विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. म्हाताऱ्याला लाज वाटते, असं सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. म्हणून जयराजनी फ्लेक्ससाठी कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो दिला होता. त्यात गळ्याच्या खाली काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि पुढच्याच आठवड्यात शिवांजलीला राष्ट्रीय शिबिरासाठी हरयाणात जायचं होतं. आबांनी अजून हो म्हटलं नव्हतं. संध्याकाळी ते नातीसोबत ट्रॅक्टरवर बसून याच चौकात येणार होते.

"उतरवा फ्लेक्स," जयराज म्हणाले. "माघार घ्यायची."

"फ्लेक्स उतरायचा न्हाई," मंगल म्हणाली. "ह्या चौकात तुमच्या मित्राच्या बैलाचा वाढदिवस झळकला. पोरीचा फ्लेक्स आजच लागलाय. झाका, पन ठेवा."

जयराज सैन्यात असताना त्यांना बऱ्याच अधिकाऱ्यांनी हुकूम दिले होते. त्यामुळे खरा हुकूम कुठला, हे त्यांना आवाजावरून कळत असे.

आधी आबांच्या बायकोचं, चंद्राबाई आजींचं, नऊवारी लुगडं आणून फ्लेक्सला बांधलं. वारं कृष्णेकडून येत होतं. लुगडं एकदा फुगून वर जाई, एकदा खाली येई. जे आधी नुसतंच दिसत होतं ते आता मधूनमधून दिसू लागलं, आणि दूध घालायला आलेली माणसं किटली रिकामी झाल्यावरही थांबू लागली. जयराजनी लुगडं सोडवलं.

ऋषिराजला पुन्हा फोन झाला. मलकापुरात लाईट गेली होती आणि मोठं मशीन बंद होतं. स्टिकर काढायचं छोटं मशीन तेवढं इन्व्हर्टरवर चालत होतं.

"स्टिकर," मंगल स्वतःशीच म्हणाली. मग तिने फ्लेक्सच्या खालच्या कडेला बघितलं. तिथे रीतीप्रमाणे शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो होते. "आवं, फ्लेक्सवर मूळ मानसाला कोण झाकतं?"

"कोण?"

"शुभेच्छुक."

कल्पना बिनतोड होती. आपल्याकडे फ्लेक्सवर ज्याचा सत्कार असतो तो शोधावा लागतो, शुभेच्छुक शोधावे लागत नाहीत. ऋषिराजकडे गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याचा फोटो पडूनच होता. दोन तासांत तो मोटारसायकलवरून परातीएवढ्या स्टिकरांचा गठ्ठा घेऊन आला आणि शिडीवर चढला.

"सुरुवात पोटापासनं," जयराजनी खालून सांगितलं. "तिथं नानांना लाव. उपसरपंच हायेत, मधोमध पायजेत."

नानासोंचा हसरा चेहरा नायिकेच्या उघड्या पोटावर बसला. तेवढ्यात त्यांची बायको दीपमाला दूध घालायला आली.

"कुठं बसलाय तुमी?" तिने विचारलं.

"मधोमध," नानासो म्हणाले.

"ते दिसतंय मला. उतरा."

नानासो उतरून बुटावर गेले. पण बुटावर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दूध संस्थेचा सचिव विश्वजित मांडीवर आहे, म्हणजे पदाने खाली असूनही वर आहे. त्यांनी हरकत घेतली. विश्वजित म्हणाला, "नाना, बसा की वर. मी सरकतो." तो सरकण्याआधी त्याला घरून फोन आला आणि तोही बुटावर गेला. दुपारी एकपर्यंत गावातलं सगळं नेतृत्व दोन बुटांवर जमलं होतं. नायिकेने पायांत गोणपाट घातल्यासारखं दिसत होतं आणि वरचा प्रश्न जसाच्या तसा होता.

"बाप्यांचं काम न्हाई ह्ये," मंगल म्हणाली. "बायकांचं फोटो लावा."

"बायकांचं कुठनं आननार?" ऋषिराज म्हणाला. "माझ्याकडं एकीचा बी न्हाई. बायकांचा फोटो आमच्याकडं येतो त्यो हार घालूनच."

मंगलने मोबाईल घेतला आणि बचत गटाला आवाज दिला. बायका आल्या. कुणाचे हात पिठाचे होते, कुणी चुलीवर कालवण ठेवून आली होती. कुणाचाच फोटो आजवर चौकात लागला नव्हता.

"हसू का नगो?" एकीने विचारलं.

"तुला येतंय तसं कर."

"मला डाव्या अंगानं काढ, उजवीकडचा दात पडलाय."

"आन माझ्या नावाम्होरं काय लिहिनार? नानांच्या म्होरं 'धडाडीचे' लिवलंय."

"तुझ्या म्होरं 'कालवण करपलं' लिवते, जा घरी."

मग जागांचं वाटप झालं. पोटावर बचत गट बसला, मांड्यांवर अंगणवाडीच्या सेविका बसल्या. राहिली पत्र्याची चोळी. तिथे कोण, यावर प्रत्येकीने दुसरीचं नाव सुचवलं.

"मी बसते," चंद्राबाई आजी म्हणाल्या. "माझीच नात हाय. नातीच्या उरावर आज्जी बसली तर कुनाच्या बापाचं काय जातंय?"

आजींनी फोटोसाठी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि मोबाईलकडे अशी नजर लावली, की ऋषिराजने मलकापूरला जाऊन तो स्टिकर सगळ्यात मोठा काढला. चारच्या सुमारास सगळे स्टिकर लागून काम संपलं. वर शिवांजलीचं तोंड, एका बाजूला तलवार धरलेला हात, आणि मध्ये अख्ख्या चिंचणेवाडीच्या बायका. नायिका नावाला उरली नव्हती. जयराजनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

पाचला हलगी ऐकू आली. गुलालाने लाल झालेला ट्रॅक्टर चौकात वळला. वर शिवांजली उभी होती आणि शेजारी खुर्चीवर, फेटा बांधून, केरबा आबा. ट्रॅक्टर बरोबर फ्लेक्ससमोर थांबला आणि कृष्णेकडून वाऱ्याची एक झुळूक आली. दिवसभराच्या धुळीवर चिकटवलेला आजींचा स्टिकर आधी एका कडेने सुटला, मग दोन्हीकडून, आणि गिरक्या घेत ट्रॅक्टरच्या चाकाशी येऊन पडला. वर पत्र्याची चोळी उन्हात चमकली.

हलगी थांबली.

शिवांजली वाकून बघत होती. "पप्पा, ही कोण?"

"तूच हाईस," जयराज हळू आवाजात म्हणाले.

"मी? हिचा वजनगट कुठला?" तिने मान तिरकी केली. "केस मोकळं सोडलेत. पंच मॅटवर तरी घेतील का हिला? आन अशी कंबर मुरडून उभी ऱ्हायली तर गेलाच की पॉइंट."

आबा खाली उतरले. त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला आणि परत लावला. मंगलने पदर घट्ट धरला. 

"जयराज."

"जी आबा."

"दंड कुठं गेलं पोरीचं?"

जयराजनी आधी फ्लेक्सकडे, मग ट्रॅक्टरवरच्या शिवांजलीच्या दंडांकडे बघितलं.

"माझ्या म्हशीचं इतक्या वर्सांचं दूध कुठं गेलं, इचारतोय मी."

"आबा, ती सुपरहिरोइन हाय. इमारती उचलती म्हनं."

"ही? हिला हिरीवरनं कळशी आनाया सांग. मधनंच मोडंल काटकीवानी." आबांनी काठी वर केली. "आन कान? पोरीचा कुस्तीत घासून मोडल्याला कान कुठाय? कान मोडाया वर्सं जात्यात. कुनी सरळ केला त्यो?"

ऋषिराज शिडीमागे सरकला. कान त्याने सुंदर दिसावं म्हणून फुकट सरळ केला होता.

"म्हंजे," जयराज अडखळत म्हणाले, "तुमी कपड्यांचं म्हनत न्हाईसा?"

"कपड्यांचं काय? मी उभी हयात लंगोटावर काढली. पन दंड हुतं."

आता मंगलला राहवलं नाही. "मग मामंजी, लाल ड्रेसातला फोटो नगो म्हनालासा, ते कशापायी?"

 आबांनी उगाच फेटा सारखा केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी कारण विचारलं होतं.

"त्या ड्रेसात पोरीचं खांदं दिसत्यात," शेवटी ते पुटपुटले. "नजर लागती. गाव लय वाईट हाय."

गावाने, म्हणजे नानासोंनी, दूध संस्थेच्या पाटीकडे बघितलं.

"मग उतरवू का ह्यो?" जयराजनी विचारलं.

"उतरवतोस कशाला?" आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. ही काय आपली न्हाई. लागू दे हिलाच नजर. गाव हिच्याकडं बघत बसंल, तवर पोरगी शिबिराला निगून जाईल."

"जाईल म्हनाला आबा तुमी," शिवांजली ट्रॅक्टरवरून म्हणाली.

"मग काय हितं बसून म्हस राकतीस?"

हलगी पुन्हा सुरू झाली. ऋषिराजने आजींचा स्टिकर परत लावू का म्हणून विचारलं.

"मला नगो," चंद्राबाई म्हणाल्या. "मलाच नजर लागायची."

"तुला कोन लावतंय," आबा म्हणाले. पण मिरवणूक पुढे गेल्यावर ते मागे राहिले. त्यांनी चाकाजवळचा स्टिकर उचलला, धोतराने पुसला, घडी न पडू देता गुंडाळला आणि बंडीच्या आत घातला.

शिवांजली शिबिराला गेली. पावसाळ्याच्या तोंडाला फ्लेक्स उतरवून आबांच्या गोठ्यावर टाकला, छापील बाजू आत करून. गोठा गळायचा थांबला. म्हैस वर तिच्याकडे बघत रवंथ करते आणि दूध पहिल्याइतकंच देते.